नाव दाराबाहेर न नेणारा माणूस

रस्त्यानं जाताना कुणाचाही गळका नळ दिसला की शेडगे डॉक्टर थांबत आणि तो बंद करत. नळ त्यांचा नसे, पाणीही त्यांचं नसे. सांगलीत कृष्णा भरून वाहते, तिथं पाण्याचा हिशेब कोण ठेवतो? पण डॉक्टर म्हसवडचे. माणदेशात लहानाचा मोठा झालेला माणूस गळत्या नळाशेजारी झोपू शकत नाही. आमच्या लॅबमध्ये रंगवलेल्या काचा धुवायला वाहतं पाणी लागायचं. त्यातलं पहिलं रंगाचं पाणी सोडून बाकीचं डॉक्टर बादलीत धरायला लावत, आणि संध्याकाळी ती बादली आवारातल्या लिंबाला जाई. त्या लिंबाएवढा गर्द लिंब सांगलीत दुसरा नव्हता.

मी वडूजचा. फौजेतल्या दवाखान्यात लॅबचं काम शिकलो, पंधरा वर्षं नोकरी केली आणि सत्तरचं दशक लागता लागता सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात चिकटलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. डॉक्टरांना ते आवडलं नसतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन नियम सांगितले.

"हवालदार, इथं आलेल्या गाठीवर ज्याचं नाव आहे, ते नाव या दाराबाहेर जायचं नाही. बायकोला सांगायचं नाही, देवालाही सांगायचं नाही. आणि दुसरं, पेन्सिल या खोलीत आणायची नाही. जे लिहायचं ते शाईनं. चुकलं तर रेघ मारायची आणि सही करायची. खोडायचं नाही. चूकसुद्धा दिसली पाहिजे."

माझं आडनाव कदम. पण ते अखेरपर्यंत मला हवालदारच म्हणाले.

आमचं काम असं की ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ बाटलीतून यायची. मी ती मेणाच्या वडीत बसवायचो, धारदार पात्यानं तिचे पापुद्रे काढायचो, काचेवर चिकटवून रंगवायचो. डॉक्टर ती काच आधी खिडकीच्या उजेडाला धरत. मशीनखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, घालण्याआधीच त्यांना कळायचं. गाठ साधी असली तर काहीतरी पुटपुटत. वाईट असली तर गप्प बसत. त्या गप्प बसण्याची मला फार लवकर सवय झाली.

आणि बरण्या. खिडकीत काचेच्या सहा बरण्या होत्या, लोणच्याच्या. त्यांत बेडकाची शेपटीवाली पिल्लं पोहत असायची. बरण्या डॉक्टरांच्या घरच्या. शैलजावहिनी, म्हणजे डॉक्टरांची बायको, कधी भेटल्या की म्हणायच्या, "भाऊजी, आमच्या घरात लोणचं गाडग्यात आन् बेडकं काचंत. पावन्यांना काय सांगायचं मी?" बोलायच्या अगदी गावाकडच्या, साताऱ्याच्या. शिक्षण सातवी. डॉक्टर मात्र या बोलण्यावर खूश असत.

लॅबमध्ये कुणीही नवा माणूस आला की डॉक्टर त्याला पिल्लू दाखवून विचारत, "याचा बेडूक होताना शेपटी कुठं जाते?" माणूस म्हणे, गळून पडते. "मग शोधा बरणीत." एकदा तर दवाखान्याचे मोठे डॉक्टर अर्धा तास बरणीत चमचा घालून बसले होते. शेपटी कुणालाच सापडली नाही.

"सापडणार कशी?" डॉक्टर मला म्हणाले. "शेपटीतली एकेक पेशी आपणहून मरते. हुकूम आला की निघाली. शेजारणीला धक्का नाही, सूज नाही, पू नाही. परदेशातल्या लोकांनी आत्ता कुठं यावर लिहायला सुरुवात केलीय. आपल्याही अंगात रोज अशा लाखो जातात, म्हणून आपण जगतो. कॅन्सरची पेशी म्हणजे हुकूम न ऐकणारा शिपाई. तिला मरायचं कळत नाही."

"हुकूम देतं कोण?"

"जीन. आईबापांकडून आलेला. त्याच्यात कुठंतरी अक्षर पुसलं गेलं की हुकूम ऐकूच येत नाही. कुठलं अक्षर ते मला कळलं ना, तर मी म्हसवडला जाऊन निवांत झोपतो."

ते गाठींच्या काचांमध्ये मेलेल्या पेशी मोजत. आकसलेले, काळे, मोडलेल्या मण्यांसारखे ठिपके. मोजायला दवाखान्यानं यंत्र दिलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी ज्वारी आणली. डोळा मशीनला आणि हात दाण्यांत. एक मेलेली पेशी दिसली की एक दाणा डाव्या वाटीतून उजव्या वाटीत. संध्याकाळी उजव्या वाटीतले दाणे खिडकीत चिमण्यांना. यावर त्यांनी एक लेख लिहून परदेशी धाडला होता. तो परत आला, तुमचा नमुना फार लहान आहे म्हणून. डॉक्टर मोठ्यानं हसले. "लहान आहे तर बरंच आहे की. बायका कमी मेल्या म्हणायच्या."

बायका म्हणायचं कारण एक घर होतं. कऱ्हाडजवळचं, कृष्णाकाठचं, उसाचं घर. गाव सांगत नाही. त्या एका घरातून दोन वर्षांत तिघींच्या छातीच्या गाठी आमच्याकडं आल्या. तिघी चाळिशीच्या आतल्या. डॉक्टरांनी दिवसभर तिन्ही काचा शेजारी ठेवून पाहिल्या. रविवारी आम्ही एसटीनं त्या गावात गेलो.

त्या घरात एक आक्का होती. सत्तरीची, वाळलेली, ताठ. दोन बहिणी, एक लेक आणि दोन भाच्या तिनं या गाठीनं घालवल्या होत्या. तिला स्वतःला काही नव्हतं, आणि त्याचीच तिला लाज वाटायची. पहिल्या दिवशी तिनं आम्हाला ओसरीवरही चढू दिलं नाही. तिसऱ्या खेपेला गुळाचा खडा आणि पाणी दिलं आणि म्हणाली, "इचारा काय इचारायचं त्ये."

डॉक्टरांनी जुन्या कॅलेंडरचे कागद उलटे चिकटवून मोठा कागद केला होता. बाई म्हणजे वर्तुळ, बाप्या म्हणजे चौकोन. गाठीनं गेलेलीचं वर्तुळ काळं, तपासून चांगली निघालेलीत टिंब, आणि जिचं अजून कळलं नाही ती पोकळ. आक्कानं विचारलं, हे कशापायी? डॉक्टरांनी तिला उसाचं उदाहरण दिलं. टिपरी वरून चांगली दिसते, पण चिरली की आत लाल निघते, तसं काहीतरी रक्तातून उतरतंय, म्हणाले.

"म्हंजी आमचं बेणंच खराब म्हना की," आक्का म्हणाली. बेणं म्हणजे लावणीची टिपरी, तिच्या डोळ्यांतून नवा ऊस फुटतो.

डॉक्टरांची माणदेशी बोली बाहेर आली. "न्हाई आक्का. बेणं चांगलं हाय. एकाद्या डोळ्यात खोट हाय. समद्या डोळ्यांत न्हाई. कुठल्या डोळ्यात हाय त्ये आदी कळलं, तर गाठ बारकी असतानाच काढू. बाई वाचंल."

त्यासाठीच तो सगळा खटाटोप होता. त्या घरातून दिलेली प्रत्येक लेक, तिची लेक, कुठं नांदते ते शोधायचं आणि गाठ वाढायच्या आत गाठायचं.

मी पहिली यादी केली तेव्हा एक घोळ घातला. डॉक्टरांनी ती बघितली आणि म्हणाले, "हवालदार, ही गोदा आणि ही रुक्मिणी एकच बाई. माहेरची गोदा, सासरची रुक्मिणी. दोन्ही घरी विचारून तुम्ही एका बाईला दोनदा मारलंत." मी नवा कागद शोधायला लागलो. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं. रेघ मारली, सही केली. त्या दिवशी त्यांनी फॉर्मवर दोन रकाने आखले, माहेरचं नाव आणि सासरचं नाव. "आपल्यात बाई लग्नात नाव बदलते. रोग बदलत नाही," म्हणाले. मग जरा लाजून, "माझंच बघा. सातारच्या मांडवात ताटातल्या तांदळात अंगठीनं शैलजा लिहिलं. तिकडं ती सुमन होती. मला शैलजा आवडायचं." एवढं बोलून परत कामाला लागले.

कागद भरत गेला. एकच वर्तुळ पोकळ राहिलं. आक्काची धाकटी बहीण तानी कोयनेच्या खोऱ्यात मोऱ्यांच्यात दिली होती. तिशी उलटता उलटता तीही गाठीनंच गेली. तिला एक मुलगी होती.

"हौशी," आक्का म्हणाली. "गोरी, केसाळ पोर. बाप लढाईवर गेला त्यो आलाच न्हाई. पोर कुनी न्हेली ठावं न्हाई."

आम्ही खोऱ्यात गेलो तर गाव धरणाच्या पाण्याखाली. माणसं कुठं कुठं पांगलेली. धरणग्रस्तांच्या वसाहतींतून हौसा मोरे विचारत आम्ही तीन वर्षं हिंडलो. हौसा पुष्कळ निघाल्या, मोरे तर त्याहून पुष्कळ, पण ती नाही. डॉक्टरांना त्या पोकळ वर्तुळानं झोप लागेना. "तिची तिशी उलटली असेल," ते एसटीत म्हणायचे. "तिच्या आईला याच वयात झाली होती." मग वहिनींनी बांधून दिलेली भाकरी आम्ही सोडायचो. लसणाची चटणी, कांदा. वहिनींना वाटायचं, आम्ही खेड्यापाड्यांत औषधं वाटायला जातो. डॉक्टरांनी त्यांना दुसरं काही सांगितलं नव्हतं. नाव दाराबाहेर जायचं नाही म्हणजे नाही.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या अंगाशी आलेलं आहे. पंच्याहत्तर साल लागलं होतं. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. डॉक्टर देवळात गेले होते, त्यांची मुलगी मुक्ता अंगणात खेळत होती, दहा वर्षांची. वहिनी चहा ठेवता ठेवता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भाऊजी, छातीची गाठ आईकडनं लेकीकडं येती म्हनत्यात. खरं हाय का वं?"

मी फौजी. नियम तो नियम. म्हणालो, "वहिनी, लॅबमधलं बाहेर बोलायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम आहे."

"बरं बरं," त्या म्हणाल्या आणि कप विसळायला लागल्या.

मला का सुचलं नाही की बाई हे उगीच विचारत नाही? एवढी वर्षं गाठी हाताळल्या, आणि समोर उभ्या बाईच्या आवाजातली भीती मला ऐकू आली नाही. याची मला लाज वाटते, आणि ती मरेपर्यंत वाटणार आहे.

पाडव्यानंतर दोनेक दिवसांनी आक्का एकटी एसटीनं सांगलीला आली. विचारत विचारत लॅबच्या दारात उभी राहिली. "डाक्टर, माज्या पोरी कागदावर कशा दिसत्यात त्या बगायच्यात."

डॉक्टरांनी टेबल मोकळं केलं, बरण्या सरकवल्या आणि कागद पसरला. वाचता येत नव्हतं तिला. डॉक्टर नाव सांगायचे आणि आक्का त्या काळ्या वर्तुळावर बोट ठेवायची, जरा वेळ ठेवून मग उचलायची. लेकीच्या वर्तुळावर तिनं हात तसाच ठेवला. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो. मग ती म्हणाली, "आन् ही पोकळ?"

"ही तानूबाईंची हौशी. सापडत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी डबा आणणारा शिपाई रजेवर होता. दारातून आवाज आला, "आवं, डबा इसरला न्हवं." शैलजावहिनी. पदर डोक्यावर, उजेड पाठीमागं, आणि बोलताना डोकं हलवायची ती सवय.

आक्कानं वर बघितलं. टेबलाला धरून ती हळूहळू उठली. "तानी," असं काहीतरी स्वतःशीच म्हणाली. मग दोन पावलं पुढं जाऊन अगदी साध्या आवाजात, घरातल्या पोरीला हाक मारावी तशी म्हणाली, "हौशे."

"ओ," वहिनी म्हणाल्या.

विचार करून दिलेला तो ओ नव्हता. तो तीस वर्षांमागून आपोआप आला. मग त्यांचा हात तोंडावर गेला. डबा पडला नाही. तो त्यांनी नीट टेबलावर ठेवला, बरण्यांच्या शेजारी.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. ते नवरा म्हणून बोलले नाहीत, डॉक्टर म्हणून बोलले. "गाठ आहे?"

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "दिवाळीपासनं."

"बोलली का नाहीस?"

"आत्यानं शपत घातली व्हती." मग एकेक शब्द करत त्यांनी सांगितलं. आई गेल्यावर बापाच्या बहिणीनं त्यांना साताऱ्याला नेलं. गाठीनं मेलेल्या बाईची लेक कोण करून घेणार, म्हणून आत्यानं आपलीच मुलगी म्हणून वाढवलं, आपल्या नवऱ्याचं नाव लावलं, शाळेत सुमन घातलं. मांडवात जाण्याआधी देवापुढं हात ठेवून घेतला की सासरी हे कधी बोलणार नाहीस. "वाटलं, तुमाला कळलं तर फशिवलं म्हनाल. आन् तुमी तरी," वहिनी पहिल्यांदाच वर बघत म्हणाल्या, "कुनाचं नाव घरात कवा सांगितलंसा?"

आक्का जमिनीवर बसली होती. "म्या वळखाय नको व्हतं," एवढंच म्हणत राहिली.

आम्ही तीन वर्षं जिला शोधत होतो, तिच्याच हातच्या भाकरी खाऊन शोधत होतो.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. मी म्हणालो, ही गाठ दुसऱ्या लॅबला पाठवू. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कापा." माझे तीन पापुद्रे फाटले, चौथा बरा निघाला. डॉक्टरांनी काच खिडकीला धरली. गप्प बसले. मग मशीनपाशी बसले आणि सवयीनं हात ज्वारीत गेला. सात-आठ दाणे उजव्या वाटीत पडले असतील. मग हात थांबला. ते उठले आणि फॉर्म ओढून माहेरच्या नावाच्या रकान्याशी अडले.

"हा रकाना मीच आखला, हवालदार. जगाच्या बायकांना विचारत हिंडलो. घरात विचारायचं राहिलं."

ते दाणे संध्याकाळी मी चिमण्यांना घातले. त्यानंतर डॉक्टरांनी वाटी हातात घेतली नाही.

मुंबईला नेऊन किरणांचा शेक दिला, औषधं झाली. दोन वर्षं वहिनींनी तग धरला. त्या दोन वर्षांत डॉक्टरांनी आपला नियम स्वतःच्या हातानं मोडला. आक्काला सगळं सांगून, तिची परवानगी घेऊन, तो कागद रोज संध्याकाळी घरी जायला लागला. वहिनींना आईकडचं माणूस असं कधी नव्हतंच. आता त्यांना मावश्या, आजी, मावसबहिणी, सगळ्यांची नावं पाठ झाली. आईचं माहेरचं नाव तानू होतं हे त्यांना तेव्हा कळलं. सासरी, मोऱ्यांच्यात, ती पार्वती होती. शेवटचे तीन महिने आक्का येऊन राहिली. वेणी घालायला केस उरले नव्हते, तरी ती रोज तेल लावायची आणि म्हणायची, "तुजी आय आशीच डोकं हालवायची. गप बस की गं."

सत्याहत्तरच्या थंडीत वहिनी गेल्या. बाराव्यानंतर डॉक्टर लॅबमध्ये आले, कागद पसरला आणि ते वर्तुळ शाईनं भरलं. काठाबाहेर एक थेंबही गेला नाही. खाली तिन्ही नावं लिहिली. हौसा, सुमन, शैलजा. महिनाभरानं राजीनामा दिला. बरण्या स्वतः धुतल्या, पुसल्या आणि म्हसवडला घेऊन गेले. त्या वहिनींच्या होत्या.

एकोणऐंशीत कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर ते मला शेवटचे दिसले. सदरा अंगावर मोठा झाला होता. सोबत मुक्ता, चौदा वर्षांची, आईसारखी डोकं हलवणारी. दर दोन महिन्यांनी ते आक्काच्या घरी येत होते. त्या घरातल्या आणि तिथून दिलेल्या सगळ्या बायकांना एक डॉक्टरीणबाई घेऊन तपासत होते. दोघींच्या गाठी वाटाण्याएवढ्या असताना सापडल्या. दोघी शेतात कामाला जात होत्या.

मुक्ता पाणी प्यायला नळाकडं गेली. मी हळूच विचारलं, "हिचं पुढं कसं करायचं, डॉक्टर? लग्नाबिग्नाचं?"

"सगळं सांगणार. आजीपासून. ज्याला ऐकवत नाही त्यानं चहा पिऊन जावं." मग पिशवीतून तो कागद काढला. घड्या झिजल्या होत्या. "हा तुमच्याकडं ठेवा. माझा भरवसा नाही. आणि हवालदार, पेन्सिल आहे का?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. सांगलीतल्या सगळ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी फक्त शिवीसारखा ऐकला होता. शेजारच्या कंडक्टरकडून मी एक बोटभर तुकडा मागून आणला.

बाकावर बसून त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. काळ्या वर्तुळाखाली एक रेघ ओढली आणि तिच्या टोकाला एक लहान, पोकळ वर्तुळ काढलं. ते जरा वाकडं आलं. खाली लिहिलं, मुक्ता.

"खोट समद्या डोळ्यांत नसते, हवालदार," ते म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही.

गाडी लागली. मुक्ता चढली. डॉक्टर निम्म्यातून मागं वळले आणि नळापाशी गेले. तिनं तो नीट बंद केला नव्हता. तो बंद होणाराही नव्हता, आटे गेले होते. तरी ते दोन्ही हातांनी पिळत उभे राहिले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, मग मुक्तानं खिडकीतून हाक मारली, तेव्हा ते गेले.

पुढच्या वर्षी म्हसवडहून मुक्ताचं पत्र आलं, बाबा झोपेतच गेले म्हणून. ती आता साताऱ्याला कॉलेजात आहे, दर सहा महिन्यांनी त्या डॉक्टरीणबाईंकडं जाते आणि मला पत्रानं कळवते. कागद माझ्या फौजेतल्या ट्रंकेत आहे. वहिनींचं वर्तुळ अजून काळंभोर आहे. मुक्ताचं फिकट होत चाललंय. मी ते गिरवलेलं नाही.